सही झाली, शिकवणं राहिलं

दवाखान्यात शिकवायचं काम माझ्याकडे आलं ते माझी कंबर गेली म्हणून. एका वजनदार पेशंटला खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना पाठीत काहीतरी सरकलं. महिन्याभराने मी कामावर परत आले तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की यापुढे वजन उचलायचं नाही. वॉर्डात वजन न उचलणारी सिस्टर काय कामाची? मग मला ट्रेनिंग इन्चार्ज केलं. वेगळी खोली मिळाली नाही. चादरी ठेवायच्या खोलीत एका कोपऱ्यात टेबल, खुर्ची आणि एक जाड फाईल, एवढं मिळालं.

दवाखाना पनवेलातला, खासगी, मध्यम आकाराचा. हायवे जवळ असल्यामुळे अपघाताच्या केसेस यायच्या आणि नव्या इमारतींमधली म्हातारी माणसं यायची. मी मूळची परभणीकडची. बारावीनंतर नर्सिंगचा छोटा कोर्स केला आणि मावसबहिणीच्या ओळखीने इकडे नोकरीला लागले. तेव्हा मला सर्टिफिकेट होतं, पण हाताला काही येत नव्हतं. हाताला जे आलं ते एका केरळच्या सिस्टरमुळे. तिला इकडे येऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि तरी ती मराठी बोलायची ती जेमतेम. समजावून सांगण्याच्या फंदात ती पडायची नाही. एकदा तिने मला रिकाम्या खाटेवर उताणं झोपवलं, उशी काढून घेतली आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. "पी," म्हणाली. पाणी नाकात गेलं, मला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"आता कळला? तुला ठसका येतो. आजारी माणसाला ठसका पण येत नाही. तो गप्प जातो."

नाकातून पोटात नळी घातलेल्या पेशंटला जेवण देताना त्याचं डोकं आणि पाठ उंच करायची, हे मी त्या दिवशी शिकले ते कायमचं. शिकवायचं तर असं, हेही तेव्हाच कळलं होतं. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

वॉर्डातल्या मदतनीस बायकांना दवाखान्यात सगळे मावशी म्हणतात, मग ती बावीस वर्षांची का असेना. चादरी बदलणं, पेशंटचं अंग पुसणं, बेडपॅन देणं, रक्ताचे नमुने लॅबला पोचवणं, ही त्यांची कामं. आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त मावश्या बाहेरून आलेल्या. कुणी ओडिशाची, कुणी झारखंडची, काही आमच्या मराठवाड्यातल्या. कुणीही हे काम शिकून आलेली नव्हती. पहिल्या दिवशी कुणीतरी निळा गाऊन हातात द्यायचं आणि सांगायचं, हिच्या मागे मागे फिर.

मी सांगते आहे ती ओडिशाची. तिशी ओलांडलेली, बुटकी, नाकाच्या दोन्ही बाजूंना चमकी. बांगड्या काढायला लावल्या होत्या. चमक्या मास्कखाली जातात म्हणून राहिल्या. नवरा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला आला, त्याच्यामागून ती मुलीला घेऊन आली. यार्डात नवऱ्याच्या पायावरून गाडी गेली. काही महिने इथल्या दवाखान्यांत काढून तो गावी भावाकडे परत गेला. ही गेली नाही, कारण मुलीची शाळा इथे होती. पनवेलजवळच्या कोन गावात एका आगरी आजीच्या घरामागच्या खोलीत मायलेकी राहायच्या.

मराठी ती त्या आजीकडून शिकली होती. त्यामुळे ओडिशाची बाई बोलायला लागली की 'हाय' आणि 'नाय' ऐकू यायचं, आणि वॉर्डातल्या पोरी हसायच्या. तिच्या बोलण्यात बायकासुद्धा पुरुष असायच्या. "डॉक्टर मॅडम आला," "सिस्टर गेला." पण "काम केला," "जेवण दिला" हे मात्र ती चुकत नव्हती, कोनला सगळे तसंच बोलतात. तिचं कुठलं चुकलेलं आणि कुठलं बरोबर, हे मला हळूहळू कळायला लागलं.

आमचा वर्ग दुपारी दोन ते तीन. सकाळची पाळी सुटायची आणि दुपारची लागायची, तेव्हाचा तो तास. सकाळच्या बायका थकलेल्या, दुपारच्या जेवून आलेल्या. निम्म्या झोपायच्या. मी त्यांना डोळे मिटून हातांना शाई लावायला सांगायची, साबण लावून हात धुतो तशी. डोळे उघडले की बघायचं, शाई कुठे लागली नाही. जिथे लागली नाही तिथे घाण राहते. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्या एकमेकींचे हात बघून हसल्या. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी एक कोरा पट्टा राहिला होता. ती तो बघत राहिली. मग नळाखाली हात धुऊन म्हणाली, "परत द्या शाई." तिने तीनदा केलं.

ती वही आणायची. दोनशे पानी, मुलीच्या शाळेच्या वह्यांतली उरलेली. तारीख टाकून ओडियात लिहायची, गोल गोल अक्षरांत. मध्ये मध्ये चित्रं: कचऱ्याचा लाल डबा, पिवळा डबा, कुशीवर झोपलेला माणूस. बाकीच्या बायका मी सांगेन ते ऐकून घ्यायच्या. ही विचारायची, "का?"

"दोन दोन तासांनी पेशंटला कुशीवर वळवायचा. का?"

मी सांगितलं की एकाच जागी पडून राहिलं की कातडीला रक्त पोचत नाही, ती सडते. तिने ते लिहून घेतलं.

"माझ्या नवऱ्याला झाला होता," मग म्हणाली. "पाय मोडला म्हणून झोपून होता. मागे कमरेला भोक पडला, हाड दिसत होता. मी रोज जवळ बसत होतो. मला कोणी नाय सांगितला फिरवायचा."

मी पुढच्या मुद्द्याकडे गेले, कारण तीन वाजत आले होते.

त्याच आठवड्यात तिने बायकांच्या वॉर्डात एका आजीच्या टाचेवर लाल डाग पाहिला. नर्सला सांगितलं. नर्सने औषधांची ट्रॉली ढकलत "बघते" म्हटलं आणि विसरली. मग हिने स्वतःच टॉवेलची गुंडाळी करून आजीच्या पोटरीखाली ठेवली, टाच गादीला लागू नये म्हणून. हे मी शिकवलेलं नव्हतं. तिने 'का' समजून घेतलं होतं, त्यामुळे पुढचं तिचं तिला सुचलं. मी मेट्रनला बोलावून मुद्दाम दाखवलं. मेट्रन म्हणाली, "हुशार आहे गं." मला वाटलं, या बाईला नीट शिकवलं तर ही चांगल्या चांगल्या नर्सना मागे टाकेल.

मग दर्जाच्या प्रमाणपत्राचं निघालं. दवाखान्याला ते हवं होतं, विमा कंपन्यांसाठी आणि नावासाठी. तपासायला बाहेरची माणसं येणार होती आणि ती आधी फाईली बघतात. प्रत्येक कर्मचाऱ्याचे ठरलेले सगळे विषय शिकवून झालेले हवेत, खाली शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याची सही हवी. माझे चार विषय राहिले होते. आमचे प्रशासक चाळिशीतले, आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सिस्टर, सोमवारी टीम येतेय. पेपर्स पूर्ण पाहिजेत."

"सर, चार विषय आहेत. दोन आठवडे तरी लागतील."

"शिकवा ना. नको कोण म्हणतंय? आधी सह्या घेऊन टाका, शिकवणं नंतर होईल."

मी मान हलवली. मी काही भांडले वगैरे नाही. शनिवारी दुपारी सगळ्या मावश्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि टेबलावर चार कागद मांडले. रांग लावली. एकेक जण यायची, चार ठिकाणी सही करायची किंवा अंगठा द्यायची आणि ड्युटीवर पळायची. तिची पाळी आली. तिने पहिल्या तीन कागदांवर सह्या केल्या, त्यांवर तिला न वाचता येणारं मराठीच तेवढं छापलेलं होतं. चौथ्यावर थांबली. त्यावर नळीचं चित्र होतं.

"ताई, हा कशाचा कागद हाय?"

"नळीतून जेवण द्यायचा."

"हा नाय शिकवला."

"शिकवणार आहे. आता सही कर."

"शिकला नाय तर सही कशाला?"

मागे सात-आठ जणी उभ्या होत्या. वॉर्डातून दोनदा फोन आला होता. "अगं, कर ना बाई. तुझ्या एकटीसाठी सगळ्या थांबल्यात."

तिने सही केली. ओडियात, सावकाश. बाजूला होऊन वहीत काहीतरी लिहिलं. सगळ्या गेल्यावर मी चारही कागदांखाली माझी सही केली. वर छापलेलं होतं: वरील विषय प्रात्यक्षिकासह शिकवला आहे.

तपासणी झकास झाली. त्या टीममधल्या बाईंनी नेमकं तिलाच हात धुऊन दाखवायला सांगितलं. तिने असे धुतले की त्या बाई म्हणाल्या, डॉक्टरांनाही असं जमत नाही. प्रमाणपत्र आलं, फ्रेम करून रिसेप्शनला लागलं. पेढे वाटले. आणि पुढच्या सोमवारपासून दुपारचा तास बंद झाला. मावश्यांची ओव्हरलॅप ड्युटी परवडत नाही, असं कळवण्यात आलं.

तिने मला दोनदा विचारलं. एकदा लिफ्टपाशी. "ताई, नळीचा कधी?" मी म्हटलं, "बघू गं, पुढच्या आठवड्यात." दुसऱ्यांदा ती चादरी घ्यायला माझ्या खोलीत आली आणि दाराशी उभी राहिली. मी फोन कानाला लावला. फोनवर कुणीच नव्हतं.

मला वेळ नव्हता असं नाही. त्या खोलीत मी तासन् तास फाईली लावत बसलेली असायची. नळीचं शिकवायला पाऊण तास पुरला असता, कुठल्याही पेशंटच्या खाटेशी उभं राहून. मी ते केलं नाही याचं कारण शोधायला गेले की एवढंच सापडतं: कागद पूर्ण झाला होता, त्यामुळे काम झालं असं मलाही वाटायला लागलं होतं.

चार-पाच महिन्यांनी पुरुषांच्या वॉर्डात एक आजोबा आले. बँकेतून निवृत्त झालेले. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेली, गिळता येत नव्हतं म्हणून नाकातून नळी घातलेली. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले. सकाळ-संध्याकाळ येऊन बसायचे. मुलगा त्यांना पेपर वाचून दाखवायचा. आजोबा डाव्या हाताने त्याचं मनगट धरून ठेवायचे. त्या घरच्यांशी माझी ओळख झाली ती आजोबांना चादर नीट मिळत नव्हती म्हणून. मी स्वतः नेऊन दिली होती.

ते घडलं त्या दुपारी वॉर्डात दोन नर्स होत्या. एक दुसऱ्या पेशंटला घेऊन स्कॅनला गेली. उरली ती वर्षभरापूर्वी कोर्स करून आलेली पोरगी. तिच्या एका पेशंटचं सलाईन बंद पडलेलं, दुसरा उलट्या करत होता. आजोबांच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. तिने ओडिशाच्या या मावशीला हाक मारली.

"मावशी, सात नंबरला फीड द्या ना, मी इकडे अडकलेय."

"मला ता येत नाय."

"अहो, तुमचं ट्रेनिंग झालंय ना? फाईलमध्ये आहे सगळ्यांचं. सिरिंज लावायची नळीला आणि ओतायचं, बस."

नुकतीच चादर बदलल्यामुळे आजोबा सपाट झोपवलेले होते. हिने हात धुतले. वाटीतलं पातळ जेवण गाळून घेतलं, सिरिंज नळीला लावली आणि थोडं थोडं ओतलं. अर्ध्याहून अधिक गेल्यावर आजोबांच्या घशातून गुरगुर झाली. चेहरा निळा पडला. ही ओरडली. नर्स धावली, डॉक्टर आले, आजोबांना आयसीयूत हलवलं. जेवण फुप्फुसात गेलं होतं.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आल्यावर कळलं. आयसीयूच्या काचेबाहेर ती उभी होती. आदल्या दिवशीच्याच गाऊनमध्ये. घरी गेलीच नव्हती.

"ताई, मी हळू दिला. एकदम हळू. तरी असा का झाला?"

"डोकं वर केलं होतंस का गं? खाट उंच केली होतीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"डोका वर करायचा असतो?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला असेल किंवा नसेल, आठवत नाही. काचेपलीकडे मशीनचे आकडे हलत होते, तेवढे आठवतात.

तिसऱ्या दिवशी आजोबा गेले. मुलाने लेखी तक्रार दिली. दवाखान्याने चौकशी बसवली: प्रशासक, वैद्यकीय प्रमुख, मेट्रन, कर्मचारी विभागाची बाई आणि मी. मीटिंग रूम तीच. फाईलमधून तो चौथा कागद काढून टेबलावर ठेवला होता.

"ही सही तुमची?" प्रशासकांनी तिला विचारलं.

"हा. पण हा धडा नाय झाला, साहेब." तिने पिशवीतून वही काढली. "बघा. जो झाला तो सगळा यात हाय. हात धुवायचा हाय. कचऱ्याचा डबा हाय. पेशंट फिरवायचा हाय. नळीचा नाय."

वही हातोहात फिरली. कुणालाच ओडिया येत नव्हतं. कर्मचारी विभागाच्या बाईने पानं चाळली आणि परत दिली. "यात काय लिहिलंय कुणाला कळणार?"

"मी वाचतो ना," ती म्हणाली आणि वाचायला लागली. तारीख, मग धडा, ओडियातून तिच्या त्या मराठीत. पहिली तारीख, शाईचा. दुसरी तारीख, सुईचा. माझं बोलणं जसंच्या तसं त्यात होतं. दोन पानं वाचून झाल्यावर प्रशासकांनी हात वर करून तिला थांबवलं आणि माझ्याकडे वळले.

"सिस्टर, तुमची सही आहे खाली. शिकवलं होतं तुम्ही?"

माझी मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. नवऱ्याची नोकरी गेलेली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या क्षणी हे माझ्या डोक्यात आलं, एवढंच.

"हो," मी म्हटलं.

वैद्यकीय प्रमुखांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांना ठाऊक होतं, मेट्रनलाही ठाऊक होतं. ओडिशाची ती बाई माझ्यावर रागावली असती, ओरडली असती, तर मला सोसलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं ते वर्गात बघायची तसं, 'का' विचारायच्या आधी बघायची तसं. पण विचारलं नाही. वही पिशवीत घातली.

वैयक्तिक निष्काळजीपणा, असा निष्कर्ष लिहिला गेला. त्या तरुण नर्सला मेमो मिळाला. हिचं ओळखपत्र त्याच दिवशी काढून घेतलं.

दहा-बारा दिवसांनी सुट्टीच्या दिवशी मी शेअर रिक्षाने कोनला गेले. घर विचारत विचारत पोचले. ओट्यावर आगरी आजी जवळा निवडत बसली होती. मी दवाखान्यातली आहे म्हटल्यावर तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"तुमीच काय ती शिकवनारी ताई?"

"हो."

"ती पोर दोन दिस जेवली नाय. निसती भितीकडं बघत बसली. आमी बोललो, रड तरी. ती मानूस मारनारी हाय काय? तुमीच सांगा."

"नाही, आजी."

"मग तवा का नाय सांगितलाव?"

तेवढ्यात ती मागून आली. तिने मला खोलीत नेलं, चटई टाकली, चहा ठेवला. मुलगी शाळेत गेली होती. खोली स्वच्छ होती, भांडी चकचकीत. मी चहा घेतला नाही, नुसता कप धरून बसले.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं.

"म्हाईत हाय."

"मी लिहून देते. साहेबांना खरं काय ते लिहून देते."

तिने चहाचं पातेलं धुऊन पालथं घातलं. मग म्हणाली, "ताई, त्या आजोबाला दुखला काय? शेवटी?"

मला सहज म्हणता आलं असतं की नाही, ते बेशुद्ध होते. आयसीयूत ते होतेही. पण ती वॉर्डातल्या त्या चार-पाच मिनिटांबद्दल विचारत होती.

"हो," मी म्हटलं. "श्वास कोंडतो. कळतं माणसाला."

तिने मान डोलावली, जसं तिलाही तसंच वाटत होतं. मग उठून डब्यातून एक कागद काढला. पेशंटच्या घरी बायका पाठवणाऱ्या एका ब्युरोचा फॉर्म होता. "इथे अनुभवाचा पत्र मागतात. मी सहा वरस काम केला. सहा वरसाचा एक कागद द्या. बाकी काय नको."

मी पत्र लिहिलं, साहेबांना. दोन पानी. कोणते विषय शिकवले नव्हते, सह्या कशा घेतल्या, सगळं. प्रशासकांनी ते माझ्यासमोर शांतपणे वाचलं, पाणी प्यायला दिलं.

"सिस्टर, तुमची तळमळ मला कळते. पण नातेवाईक आता शांत झालेत. तक्रार पुढे न्यायची नाही असं त्यांनी लिहून दिलंय. हे पत्र बाहेर गेलं तर पोलिसांपर्यंत जाईल. आणि पोलीस आधी कुणाला बोलावतील? जेवण कुणी दिलं, तिलाच ना? तिचं भलं करायला जाल आणि तिला कोर्टात उभी कराल."

ते खरं होतं का, मला आजही सांगता येत नाही. त्यात थोडं खरं असावं, म्हणूनच ते इतकं सोयीचं होतं. त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं. अनुभवपत्राचं विचारलं तर म्हणाले, काढून टाकलेल्या माणसाला ते देता येत नाही.

राजीनामा दिला असं लिहायला मला आवडलं असतं. दिला नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, ती मी पूर्ण केली. तिच्यासाठी साध्या कागदावर अनुभवपत्र लिहिलं, माझं नाव आणि नर्सिंगचा नोंदणी क्रमांक घालून. ब्युरोवाल्यांनी ते घेतलं नाही. त्यांना दवाखान्याचं लेटरहेड हवं होतं. खारघरला, ओवे गावाजवळच्या एका मोठ्या सोसायटीत तिला चोवीस तासांचं घरकाम मिळालं. आठवड्यातून एकदा ती कोनला येऊन मुलीला भेटायची. आजारी माणसाला हात लावायचं काम तिला पुन्हा मिळालं नाही, आणि मला वाटतं तिने मागितलंही नाही.

मी मात्र नंतर नळीचं शिकवलं. सगळ्या मावश्यांना, खाटेपाशी, एकेकीला झोपवून, पाणी पाजून. कुणी सांगितलं नव्हतं, वर्गाचा तासही नव्हता. पुढच्या तपासणीच्या आधी मी न शिकवलेल्या विषयावर सही करणार नाही म्हटलं, तर शिकवायचं कामच माझ्याकडून काढलं. आता मोबाईलवर व्हिडिओ येतात. शेवटपर्यंत पाहिला की आपोआप 'पूर्ण' अशी नोंद होते. मावश्या फोन कपाटात चालू ठेवून कामाला जातात. मी त्यांना दोष देत नाही. आता ड्युटी बारा तासांची झाली आहे, त्यात व्हिडिओ कधी बघायचा?

तिच्या मुलीची दहावी झाल्यावर मायलेकी ओडिशाला गावी गेल्या. हे मला आगरी आजीकडून कळलं. नवऱ्याच्या पायाची जखम पुन्हा चिघळली होती आणि भावाने हात वर केले होते. मी फोन लावून पाहिला. नंबर बंद होता, नंतर तो दुसऱ्याच कुणाकडे गेला. एका माणसाने उचलला आणि रागाने ठेवला.

निवृत्त झाल्यावर एकदा भाजी मार्केटमध्ये एका माणसाने मला हाक मारली. "सिस्टर ना तुम्ही?" मला ओळख पटायला वेळ लागला. आजोबांचा मुलगा. केस पांढरे झाले होते. हातात मेथीची जुडी आणि कापडी पिशवी.

"तुम्ही बाबांना चादर आणून दिली होती," तो म्हणाला. "तेव्हा आभार मानायचे राहून गेले. सगळ्यांनी खूप केलं हो. ती एक बाई सोडली तर."

मला जाऊ देता आलं असतं. त्याच्या मनात सगळं एका जागी बसलं होतं. मागून भाजीवाली म्हणत होती, ताई, बाजूला व्हा जरा.

"तिला शिकवलं नव्हतं," मी म्हटलं. "शिकवायचं काम माझं होतं. मी न शिकवता सही केली, तिलाही करायला लावली. ती म्हणाली होती मला येत नाही म्हणून. चौकशीत मी खोटं बोलले."

तो ऐकत राहिला. मला वाटलं, आता ओरडेल. लोक जमतील. जमू देत.

"हे आता का सांगताय मला?" तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "मी तिच्या घरी गेलो होतो. कोनला. तुम्हाला माहितेय? नाही नाही ते बोललो तिला, तिच्या मुलीसमोर. ती हात जोडून उभी होती. एक शब्द बोलली नाही."

मला हे ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं, आजीनेही नाही.

"कुठे असते आता ती?"

"गावी गेली. पत्ता नाही माझ्याकडे."

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गर्दीतून निघून गेला. मी वांगी घ्यायला आले होते. भाजीवालीने किती देऊ म्हणून विचारलं, पुन्हा विचारलं. मी काही न घेता घरी आले.